वर्णभेदाचे शास्त्र रचणारा ज्ञानतपस्वी : डॉ. विल्यम डु बॉइस

प्रतिवर्षी या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची व स्त्रियांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. तो प्रघात स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु घरच्याच देव्हाऱ्यातील देवांची पूजा करणाऱ्याने कधीमधी गावच्या देवळातही जावे, म्हणजे दृष्टी विशाल होते. या विचाराने यंदा आम्ही एक असा चरित्रनायक वाचकांपुढे आणीत आहोत, की ज्याचा जन्म सातासमुद्रापलीकडे झाला, ज्याचा वर्ण, धर्म व भाषा आपल्याहून सर्वस्वी भिन्न. आणि तरीही आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने त्याचे चरित्र अभ्यासावे, असे त्यात पुष्कळ आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय विद्वान, समाजशास्त्राच्या आद्य संशोधकांपैकी एक आणि वर्ण व वर्ग या दोहोंमुळे माणसामाणसांत पडणाऱ्या विषमतेचा आयुष्यभर माग काढणारे डॉ. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस हे ते पुरुष होत.

डु बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन त्या वेळी अवघी दोन-अडीच वर्षे झाली होती. वडील आल्फ्रेड हे मूल लहान असतानाच घर सोडून गेले, ते परतले नाहीत. आई मेरी सिल्व्हिना हिने माहेरच्या आधाराने व मोलमजुरी करून मुलाला वाढविले. पुढे अर्धांगाच्या झटक्याने ती अधू झाली. तथापि मुलाच्या शिक्षणात तिने खंड पडू दिला नाही. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे फार थोडी असल्यामुळे विल्यम गोऱ्या मुलांच्याच शाळेत शिकला व बहुतेक वेळा त्यांच्या पुढेच राहिला. एके दिवशी वर्गातील मुलामुलींनी आपापसांत भेटपत्रे वाटण्याचा खेळ मांडला असता नव्याने आलेल्या एका मुलीने विल्यमचे पत्र घेण्याचे साफ नाकारले. आपण इतरांपासून एका पडद्याने वेगळे केले गेलो आहोत, ही जाणीव त्या कोवळ्या वयात त्याला प्रथम झाली. पडदा फाडून पलीकडे जाण्याची याचना न करता, परीक्षेत आणि शर्यतीत त्या सर्वांना मागे टाकावयाचे, असा त्याने निश्चय केला.

शाळेचे मुख्याध्यापक फ्रँक हॉस्मर यांनी या मुलातील गुण वेळीच हेरले. कृष्णवर्णीय मुलाने सुतारकाम वा तत्सम हस्तव्यवसाय शिकावा, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत. परंतु हॉस्मर यांनी त्याला लॅटिन व ग्रीक घ्यावयास लावले. ग्रीकची पुस्तके महाग होती, ती एका गिरणीमालकाच्या पत्नीने घेऊन दिली. १८८४ साली विल्यम शाळेतून उत्तीर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी आई निवर्तली. पोरक्या झालेल्या या मुलाच्या उच्च शिक्षणासाठी चार चर्चमंडळ्यांनी दरसाल प्रत्येकी २५ डॉलर देण्याचे मान्य केले. वाचकांनी ही रक्कम ध्यानात ठेवावी. चार ठिकाणच्या साध्यासुध्या माणसांनी काढलेल्या या लहान वर्गणीतून पुढे केवढा वृक्ष वाढला, हे आपण पाहणारच आहोत.

त्याची आकांक्षा हार्वर्डची होती. परंतु हितचिंतकांनी त्याला १८८५ साली दक्षिणेकडील टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठात पाठविले. हा त्याला प्रथम आपल्या मनाविरुद्धचा निर्णय वाटला असेल. पण तोच त्याच्या जीवनाला वळण देणारा ठरला. फिस्कमध्ये त्याला आपल्यासारख्याच तरुण-तरुणींचा सहवास लाभला, आणि आपण एकटे नसून एका मोठ्या पीडित समाजाचे घटक आहोत, हे उमगले. उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यापाड्यांतून पायी हिंडून त्याने शिक्षकाची नोकरी शोधली व ओंडक्यांच्या एका खोपटात गरीब शेतमजुरांच्या मुलांना शिकविले. गुलामगिरी गेली तरी कर्ज, खंड आणि भीती यांच्या साखळ्या कशा कायम आहेत, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले.

१८८८ साली फिस्कची पदवी घेऊन तो अखेर हार्वर्डला पोहोचला. फिस्कची पदवी तेथे समकक्ष मानली जात नसल्याने त्याला पुन्हा पदवीपूर्व वर्गात बसावे लागले. १८९० साली त्याने सन्मानपूर्वक दुसरी पदवी मिळविली व पदवीदानाच्या वेळी भाषण करण्याचा मानही पटकावला. तत्त्वज्ञानी विल्यम जेम्स व इतिहासकार आल्बर्ट हार्ट यांच्यासारखे गुरू त्याला लाभले. परंतु वर्गाबाहेरच्या हार्वर्डपासून तो जाणूनबुजून दूर राहिला. गावातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी खोली घेऊन तो राही आणि विद्यापीठाकडून विद्येखेरीज काही मागत नसे.

याच सुमारास स्लेटर निधीच्या विश्वस्तांचे प्रमुख, अमेरिकेचे माजी अध्यक्ष रदरफोर्ड हेज यांच्या नावे वृत्तपत्रांत असे प्रसिद्ध झाले की, परदेशी उच्च शिक्षणास पाठविण्याजोगा एकही कृष्णवर्णीय तरुण निधीला सापडला नाही. हे वाचताच डु बॉइस यांनी अर्ज केला. नकार आला, तेव्हा त्यांनी हेज यांना सडेतोड पत्र लिहिले, पुन्हा अर्ज केला व गुरुजनांची शिफारसपत्रे जोडली. अखेर १८९२ साली निधीने मदत मंजूर केली. अर्धी रक्कम देणगी म्हणून आणि अर्धी कर्जाऊ. त्या बळावर ते जर्मनीत बर्लिन विद्यापीठात दाखल झाले.

बर्लिनमध्ये त्यांना गुस्टाव्ह श्मोलर, अडोल्फ वाग्नर यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ गुरू भेटले. आधी तथ्ये गोळा करावी, ती काळजीपूर्वक मांडावी, आणि मगच सिद्धान्त सांगावा, ही श्मोलर यांची शिकवण होती. डु बॉइस यांनी ती जन्मभर पाळली. युरोपात त्यांना आणखी एक अनुभव आला. ज्या घरी ते जेवावयास जात, ज्या मंडळींबरोबर ते हिंडत, ती त्यांना आधी माणूस म्हणून पाहत. वर्णाचा पडदा सृष्टीने घातलेला नसून माणसांनी विणलेला आहे आणि म्हणून तो उसवताही येईल, असे त्यांना वाटू लागले. आपला पंचविसावा वाढदिवस त्यांनी खोलीत एकट्यानेच, मेणबत्त्यांच्या उजेडात साजरा केला. आपला छोटासा ग्रंथसंग्रह त्यांनी दिवंगत आईला अर्पण केला व सत्याचा शोध आणि आपल्या समाजाची उन्नती यांसाठी जीवन वाहण्याचा संकल्प सोडला.

परंतु संकल्पाला द्रव्याची जोड लागते. बर्लिनची डॉक्टरेट मिळण्यास तेथे आणखी काही काळ राहणे नियमानुसार आवश्यक होते. गुरुजन अनुकूल होते, दक्षिण अमेरिकेतील म्हणजे संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील शेतीवरील प्रबंधही तयार होत आला होता. स्लेटर निधीने मात्र मुदत वाढवून देण्याचे नाकारले. हातातोंडाशी आलेला घास असा गेला. १८९४ साली डु बॉइस जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून, स्थलांतरित गोरगरिबांच्या गर्दीत बसून मायदेशी परतले. निधीचा कारभार वाईट माणसांच्या हाती होता, असे नव्हे. त्यांनी एका होतकरू तरुणाला नदीच्या मध्यापर्यंत नेले आणि पुढील वल्ह्याचा खर्च त्यांना अनाठायी वाटला, एवढेच.

स्वदेशी परतल्यावर ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात त्यांना ग्रीक, लॅटिन, जर्मन असे विषय शिकविण्याची नोकरी मिळाली. समाजशास्त्राचा वर्ग सुरू करण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती मिळाली नाही. दरम्यान १८९५ साली हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. ही पदवी इतिहास विषयातील होती. परंतु प्रबंधाची दृष्टी समाजशास्त्रज्ञाची होती. अमेरिकेत आफ्रिकेतून होणारा गुलामांचा व्यापार कसा रोखला गेला, किंबहुना कसा रोखला गेला नाही, हा त्याचा विषय. १८०८ पासून हा व्यापार कायद्याने बंद झाला होता. तथापि कापसाच्या पिकात नफा वाढताच कायदा कागदावर राहिला व चोरटी जहाजे येतच राहिली. नीती आणि लाभ यांची गाठ पडते तेव्हा नीतीची अंमलबजावणी कशी हळूहळू ढिली पडते, हे त्यांनी कायदे, अहवाल व कागदपत्रे यांच्या आधारे दाखवून दिले. हार्वर्डच्या ऐतिहासिक ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १८९६ साली हा प्रबंध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मे महिन्यात नीना गोमर या विद्यार्थिनीशी त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांना फिलाडेल्फियाचे बोलावणे आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला शहराच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करून हवी होती. वर्षाला ९०० डॉलर वेतन व साहाय्यक शिक्षक असे नाव देण्यात आले. परंतु शिकविण्यास वर्ग नाही, विद्यार्थी नाहीत, आणि विद्यापीठाच्या अध्यापकांच्या यादीत नावही नाही! शहरातील गुन्हेगारी व दुरवस्था यांचे मूळ ही वस्तीच आहे, असे शास्त्रीय भाषेत सिद्ध व्हावे, अशी काही बड्या मंडळींची अपेक्षा आहे, हे डु बॉइस यांच्या लक्षात आले होते. तरीही त्यांनी काम पत्करले. कारण सत्य शोधण्याची संधी कोणाच्याही हातून मिळाली तरी ती सोडू नये, अशी त्यांची धारणा होती.

नवविवाहित दांपत्याने त्या वस्तीतच, एका खाणावळीवरील एका खोलीत बिऱ्हाड थाटले. बाहेर दारूबाजी व मारामाऱ्या चालत. डु बॉइस रोज सकाळी नीटनेटका पोशाख करून, हातात काठी घेऊन बाहेर पडत आणि घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेत. मदतनीस कोणी नाही. कुटुंबात माणसे किती, जन्म कोठला, शिक्षण किती, धंदा कोणता, वेतन काय, भाडे किती, हे सर्व ते स्वतः विचारीत व लिहून घेत. सुमारे अडीच हजार कुटुंबांची दारे त्यांनी अशी ठोठावली. लोक प्रथम संशयाने पाहत. आपणांस तपासावयास हा कोण आला, असे त्यांना वाटे. परंतु ऐकून घेणारा माणूस भेटला की दुःख बोलके होते.

या कष्टांतून १८९९ साली 'द फिलाडेल्फिया नीग्रो' हा ग्रंथ जन्मास आला. त्या काळी कृष्णवर्णीयांना उद्देशून जो शब्द रूढ होता तोच ग्रंथनामात आहे. त्या वॉर्डातील ९,६७५ कृष्णवर्णीयांचे जीवन त्यात आकड्यांनी व तक्त्यांनी रेखाटले आहे. शिकलेला तरुणही वाढप्याचे वा हमालाचे काम करताना दिसतो, कारण कारखान्यांची व कारागिरांच्या संघटनांची दारे त्याला बंद आहेत. त्याच प्रकारच्या खोलीसाठी त्याला गोऱ्या भाडेकरूपेक्षा अधिक भाडे मोजावे लागते. आणि मग दारिद्र्यातून उपजलेल्या दोषांचे खापर त्याच्याच रक्तावर फोडले जाते. ही वस्ती म्हणजे रोग नसून रोगाचे लक्षण आहे, आणि रोगाचे मूळ इतिहासात व सभोवतालच्या समाजाच्या वागणुकीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

परंतु आमच्या मते या ग्रंथाची खरी थोरवी दुसऱ्याच गोष्टीत आहे. डु बॉइस यांनी आपल्या समाजाची वकिली करताना त्याचे दोष झाकले नाहीत. गुन्ह्यांचे, व्यसनांचे व मोडलेल्या संसारांचे आकडे त्यांनी तसेच मांडले. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे, बाहेरच्यांना एकरंगी दिसणाऱ्या या समाजात चार थर आहेत, हे त्यांनी दाखविले : सुस्थितीतील कुटुंबे, कष्टाळू व अब्रूने राहणारा कामगारवर्ग, दरिद्री, आणि गुन्हेगारीत बुडालेला तळचा भाग. वरचा थर खालच्यांपासून अंग चोरून राहतो, आपली गणना त्यांच्यात होऊ नये म्हणून धडपडतो आणि नेतृत्वाची जबाबदारी टाळतो, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविले. वर्णाची रेघ बाहेरच्यांनी ओढलेली असते. वर्गाची रेघ मात्र आपणच आपल्या घरात ओढतो. दोन्ही रेघा एकाच कागदावर मांडून दाखविणारा हा त्या देशातील पहिल्या ग्रंथांपैकी एक होय.

१८९७ साली ते जॉर्जिया राज्यातील अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे दरवर्षी एक विषय घेऊन कृष्णवर्णीयांच्या जीवनाची पाहणी करावयाची, दहा वर्षांनी पुन्हा पहिल्या विषयाकडे यावयाचे, आणि असे शतकभर चालवावयाचे, अशी भव्य योजना त्यांनी आखली. मृत्युमान, व्यापारधंदा, पदवीधर, कारागीर, धर्मसंस्था, गुन्हे, कुटुंब अशा विषयांवर अहवाल निघाले. पैसा नेहमीच अपुरा असे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने रंगीत आलेख व तक्ते तयार केले. त्या कामगिरीस सुवर्णपदक मिळाले.

ज्ञान वाढले की अन्याय ओसरेल, अशी या काळापर्यंत त्यांची श्रद्धा होती. १८९९ या एकाच वर्षात त्या श्रद्धेवर दोन आघात झाले. एप्रिल महिन्यात सॅम होझ नावाच्या एका कृष्णवर्णीय शेतमजुराला जमावाने हालहाल करून मारले. या प्रकरणी विचारी शब्दांत लिहिलेले पत्र घेऊन डु बॉइस अटलांटातील वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले असता, त्या माणसाच्या हाडांचे तुकडे पुढच्याच रस्त्यावरील एका दुकानात प्रदर्शनार्थ मांडले आहेत, असे त्यांना कळले. ते तेथूनच माघारी फिरले. माणसे जाळली जात असता शांतपणे केवळ आकडे मांडीत बसता येणार नाही, असे त्यांना कळून चुकले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा घटसर्पाने दगावला. गोरे डॉक्टर कृष्णवर्णीयाच्या घरी येत नसत आणि कृष्णवर्णीय डॉक्टर शहरात मोजकेच. त्या बालकाचा देह त्यांनी दक्षिणेच्या मातीत ठेवला नाही. आपल्या जन्मगावी नेऊन पुरला. नीनाबाईंचे मन या आघातातून कधीच पूर्ण सावरले नाही.

१९०३ साली त्यांचा 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला व ते देशभर गाजले. त्यात त्यांनी टस्कीगी संस्थेचे संस्थापक बुकर वॉशिंग्टन यांच्याशी असलेला मतभेद निर्भीडपणे मांडला. वॉशिंग्टन यांचे म्हणणे असे की, आधी हस्तव्यवसाय शिकावा, पैसा मिळवावा, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूस ठेवावा. डु बॉइस यांचे म्हणणे असे की, मतदानाचा हक्क, नागरी समता आणि बुद्धिमंतांस उच्च शिक्षण यांवाचून मिळविलेला पैसाही टिकणार नाही. समाजातील प्रज्ञावंत दहावा हिस्सा उच्च शिक्षण घेऊन उरलेल्या नऊ हिश्शांना वर ओढील, असा सिद्धान्त त्यांनी त्याच वर्षी मांडला. आपल्याकडे आधी सामाजिक की आधी राजकीय, हा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना या वादाचे स्वरूप अपरिचित वाटणार नाही.

पुढे १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. डु बॉइस हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९१० साली प्राध्यापकी सोडून ते न्यूयॉर्कला गेले व संस्थेचे 'द क्रायसिस' हे मासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या १,००० प्रती निघाल्या; दहा वर्षांच्या आत खप १,००,००० च्या वर गेला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यचळवळीकडे त्यांचे बारीक लक्ष असे. लाला लजपतराय अमेरिकेत असताना दोघांचा स्नेह जुळला. १९२९ साली महात्मा गांधींचा संदेश त्यांच्या मासिकात प्रसिद्ध झाला.

१९३४ साली संस्थेशी मतभेद होऊन ते पुन्हा अटलांटास प्राध्यापक म्हणून गेले आणि १९३५ साली 'ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन' हा त्यांचा महाग्रंथ बाहेर पडला. गुलामगिरीनंतरच्या काळाचा इतिहास त्यांनी श्रमिकांच्या बाजूने पाहिला. दक्षिणेतील गोरा मजूर व काळा मजूर, दोघेही नागवलेले. मग ते एकत्र का आले नाहीत? डु बॉइस यांचे उत्तर असे की, गोऱ्या मजुराला वेतन थोडे मिळे, परंतु त्याबरोबर मानाचा एक अदृश्य भत्ता मिळे. सार्वजनिक ठिकाणी प्रवेश, पोलिसांची मेहेरनजर, आणि आपल्याखाली कोणी तरी आहे हे समाधान. या भत्त्यावर संतुष्ट राहून त्याने आपली भाकरी गमावली. वर्णभेद आणि वर्गभेद एकमेकांना कसे पोसतात, याचे याहून मार्मिक निदान क्वचितच कोणी केले असेल.

हे वाचताना महाराष्ट्रीय वाचकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जातिव्यवस्थेत प्रत्येक पायरीला आपल्या खालची पायरी असल्यामुळे सर्व पीडित एकजूट होत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि त्यांनी १९१६ साली जातिसंस्थेवरील आपला निबंध तेथेच वाचला. पुढे १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती बरीच सारखी आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले होते. डु बॉइस यांनी ३१ जुलै रोजी आदरपूर्वक व सहानुभूतीने उत्तर दिले. वर्ण व जात या एकच गोष्टी नव्हेत. दोहोंचा इतिहास वेगळा आहे. परंतु दोन खंडांतील दोन प्रकांड पंडितांनी एकमेकांच्या समाजाच्या वेदनेत आपली वेदना ओळखली, ही गोष्ट लहान नव्हे.

आता आम्ही अशा एका प्रसंगाकडे येतो, की ज्यासाठी मुख्यतः हे चरित्र या स्मरणिकेसाठी निवडले. १९४८ साली विल्बरफोर्स येथे सुशिक्षित व सुस्थितीतील कृष्णवर्णीयांच्या एका प्रतिष्ठित मंडळाचे संमेलन भरले. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी यांचा तो मेळावा. ऐंशी वर्षांचे डु बॉइस त्याच मंडळाचे सभासद. गौरवाचे चार शब्द ऐकावयास मिळतील अशी श्रोत्यांची अपेक्षा असणार; परंतु त्यांनी आपल्याच जुन्या सिद्धान्ताची फेरतपासणी मांडली. विद्या आली की त्यागबुद्धी आपोआप येईल, असे आपण तरुणपणी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पुष्कळांनी विद्येचा उपयोग स्वतःच्या सुखासाठी केला आणि मागे राहिलेल्यांकडे वळून पाहिले नाही, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले. मंडळाने केवळ भेटीगाठी व मेजवान्यांपुरते न राहता त्यागी, अभ्यासू व शीलवान माणसे शोधून त्यांच्या हाती नेतृत्व द्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांचे अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. जागतिक शांततेच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे १९५१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, परकीय सत्तेचे हस्तक असल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. हातात बेड्या पडल्या. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी सरकारने १९५८ पर्यंत त्यांचे पारपत्र अडवून ठेवले. अनेक प्रतिष्ठितांनी त्या काळात पाठ फिरविली. कामगार व सामान्य माणसे मात्र पाठीशी उभी राहिली. त्यांच्या स्वभावात ताठा होता, आणि उत्तरायुष्यात सोव्हिएट राजवटीच्या व स्टॅलिनच्या क्रौर्याकडे त्यांनी डोळेझाक केली, हा दोष प्रांजळपणे नमूद केला पाहिजे. १९५८ साली बर्लिनच्या त्याच विद्यापीठाने, आता हुम्बोल्ट या नावाने, त्यांना मानद डॉक्टरेट दिली. चौसष्ट वर्षांपूर्वी द्रव्याअभावी राहून गेलेली पदवी अशी घरी आली. १९६१ साली कम्युनिस्ट पक्षात प्रवेश करून ते अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून घानाला गेले व आफ्रिकेच्या ज्ञानकोशाचे काम त्यांनी हाती घेतले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे, पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन येथे समतेसाठी सुमारे अडीच लाख लोकांचा मेळावा भरला होता; त्या जनसागराला त्यांच्या निधनाची वार्ता व्यासपीठावरून सांगण्यात आली. ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांचे नाव यादीत घातले नव्हते, त्याने २०१२ साली त्यांना मरणोत्तर मानद प्राध्यापकपद दिले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रथम, शिष्यवृत्ती द्यावयाची तर ती तडीस न्यावी. पहिल्या वर्षाचा धनादेश समारंभपूर्वक देऊन छायाचित्र काढणे सोपे. विद्यार्थी शेवटच्या वर्षाला असता त्याची विचारपूस करणे अवघड, आणि खरी गरज तेथेच असते. दुसरे, आपण ज्ञातीची परिचयसूची काढतो, तीत पदवीधर, अधिकारी व परदेशस्थ यांची नावे अभिमानाने छापतो. शाळा अर्धवट सोडलेली मुले, भाड्याच्या एका खोलीत राहणारी कुटुंबे, कर्जात बुडालेले घर, एकट्या पडलेल्या विधवा भगिनी यांची गणना कोण करील? डु बॉइस अडीच हजार दारे एकट्याने हिंडले. आपल्या कार्यकारी मंडळाला व तरुण सभासदांना मिळून आपल्या गावची दारे हिंडणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे, परंतु ती टाळून हा लेख संपविणे म्हणजे चरित्रनायकाशी अप्रामाणिकपणा होईल. रेघ ही वस्तूच अशी आहे की, ती आतल्यांना जोडते तशी बाहेरच्यांना तोडते. आपली ज्ञातिसंस्थाही एक रेघच आहे. तिच्या आत आपण एकमेकांना हात देतो, हे खरे. पण तो मानाचा अदृश्य भत्ता आपणही कोठे घेत नाही ना, आपल्याखाली कोणी आहे या समाधानावर आपली सभा उभी नाही ना, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरी बसून विचारावे. ज्ञातीचे अंगण असावे, कोट असू नये. अंगणातून मूल बाहेर पडते, जग पाहते आणि परत येताना सोबत्याला घेऊन येते. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून एखादी रक्कम ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यासाठी राखून ठेवता येईल काय, हा प्रश्न आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

ग्रेट बॅरिंग्टनच्या एका पोरक्या मुलासाठी ज्या चार मंडळ्यांनी २५-२५ डॉलर काढले, त्यांतील बहुतेकांचा वर्ण त्या मुलाचा नव्हता. त्यांनी रेघ ओलांडली, म्हणून जगाला डु बॉइस लाभले. आपणांपैकी प्रत्येकाच्या हातून अशी एक तरी रेघ ओलांडली जावो, अशी प्रार्थना करून आम्ही हे अल्प चरित्र वाचकांच्या हाती देत आहोत.